बोस्नियाचा धडा

“सुजाताला रूम टूमध्ये टाकते हं दादा. तिला ऑकवर्ड नको व्हायला.”

अनघाताई हसून म्हणाल्या. स्क्रीनवर, सगळ्या पालकांसमोर. मेलबर्नजवळच्या आमच्या वेरिबीतली रविवारची मराठी शाळा त्या चालवतात. लॉकडाऊनमुळे शाळा झूमवर आली होती. सोळा मुलं. सुरुवातीला श्लोक म्हणायचे. तेवढ्यापुरतं माझ्या मुलीला स्क्रीनवरच्याच दुसऱ्या खोलीत पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं. सुजाताला श्लोक येतात का, तिला म्हणायचे आहेत का, तेही विचारलं नव्हतं. आमचं आडनाव त्यांना माहीत होतं. तेवढं पुरलं.

मी म्हणालो, “नो वरीज.”

सुजाताच्या लॅपटॉपवरच्या चौकटी गेल्या. दोन उरल्या. एक तिची, एक एथनची. एथन वसईच्या ख्रिस्ती घरातला. त्या खोलीत शिकवायला कोणी नव्हतं. दोघांनी फुलपाखरू रंगवायचं.

“बाबा, इज धिस द स्लो रूम?”

“नाही,” मी म्हणालो. राग आला नाही. तिचे रंग पुढे सरकवले, एवढंच.

मी पाण्याच्या पाइपलाइनचा इंजिनिअर आहे. उतार मोजून, दाब तपासून मग बोलणारा माणूस. एका रविवारावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं स्वतःला बजावलं. इथे नवीन आलो तेव्हा पहिल्याच बार्बेक्यूला एकाने विचारलं होतं, “पूर्ण नाव?” मग, “गाव कुठलं?” मग, “गावात नेमके कुठे राहता?” तिसऱ्या उत्तरानंतर तो कणसं उलटायला गेला, तो परत आला नाही. तेव्हाही मी निष्कर्ष काढला नव्हता.

पुढच्या रविवारी श्लोक संपले तरी दुसरी खोली बंद होईना. नाचाची तालीम पहिल्या खोलीत. गोष्टी पहिल्या खोलीत. “ते दोघं मस्त रमतात तिकडे,” ताई म्हणाल्या. मी मान डोलावली.

दर रविवारी एका पालकाने एक विषय शिकवायचा, अशी पद्धत होती. माझी पाळी आली. मी युरोपातला बोस्निया घेतला. आमचा शेजारी आमिर तिथला. युद्धानंतर मेलबर्नला आलेला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती त्या दिवसांत आम्ही दोघं मास्क लावून कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहायचो. तो सांगायचा, मी घरात येऊन नकाशावर पडताळून बघायचो. माहिती चुकीची जायला नको.

“उत्तरेला सावा नदी, पूर्वेला द्रिना,” मी मुलांना सांगितलं. “समुद्रकिनारा जेमतेम वीस किलोमीटर. लोक मुख्यतः तीन गटांचे. बोश्नियाक, सर्ब, क्रोएट. बोलणं एकमेकांना नीट समजतं, तरी भाषेची नावं तीन. नव्वदच्या दशकात त्यांच्यात युद्ध झालं. मग तह झाला, युद्ध थांबलं. देश एकच राहिला, पण आत दोन मोठे भाग पडले आणि एक लहान जिल्हा वेगळा. अध्यक्ष एक नाही, तीन.”

“थ्री प्रेसिडेंट्स?” कोणीतरी हसलं. “हू इज द बॉस देन?”

मग मी शाळेचं चित्र दाखवलं. मीच काढलं होतं. “काही गावांत शाळेची इमारत एक आहे. आमिरअंकलची भाची अशाच शाळेत जायची. पण मुलं दोन दारांनी आत जातात. इतिहासाची पुस्तकं वेगळी. भूगोलाचीसुद्धा.”

अनघाताईंची ईशा म्हणाली, “बट हू टेल्स देम विच डोअर?”

“सांगावं लागत नाही. नाव ऐकलं की कळतं.”

हे मी बोललो. आणि मलाच ऐकू आलं.

समोर चौदा मुलं होती. मी दारांना रंग दिले होते, एकाला निळा, एकाला लाल. इतकं सगळं नीट केलं होतं. आणि माझी मुलगी भिंतीपलीकडच्या खोलीत रंगवत बसली होती. बापाचा धडा तिला आणि एथनला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता.

शिकवणाऱ्याला त्या दिवसापुरतं होस्ट करत. सगळ्या खोल्या बंद करायचं बटण माझ्याकडे होतं. मी दाबलं. खोल्या बंद व्हायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात ताई बोलल्या.

“अहो दादा, काय करताय? ते दोघं सेट आहेत तिकडे.”

“त्यांनाही शिकायचंय, ताई.”

“रेकॉर्डिंग बघतील ना!”

“नाही. इथेच शिकतील.”

सुजाता आली. एथन आला. मी पहिल्यापासून सुरू केलं. सावा. द्रिना. आवाज सपाट होता. मला काहीच वाटत नव्हतं.

दुपारी ताईंचा फोन आला.

“इतकी वर्षं झाली देश सोडून. तुम्ही इथेपण जात आणलीत, दादा.”

“मी खोल्या मोजल्या, ताई.”

“तुम्ही लोक ना, लगेच लावून घेता. बरं, सुजाताला घेते पहिल्या रूममध्ये. पण ग्रुपवर हा विषय नको.”

“आणि एथन?”

“त्याच्या आईला चालतं हो.”

फोन स्पीकरवर होता. सुजाता शेजारी उभी होती. तिला पहिली खोली हवी होती. तिथे नाच होता, ईशा होती. माझ्या एका होकाराने तिला ते मिळणार होतं.

“मग नको,” मी म्हणालो.

सुजाता रडली. मी तिला जवळ घेतलं, समजूत काढली नाही. खोटं काही सांगायचं नव्हतं.

मग एथनच्या आईला फोन लावला. तिला हे चालतं का, विचारलं.

ती म्हणाली, “मला कोणी विचारलंच नाही, भाऊ. मला वाटलं, सगळ्यांच्याच पोरांना आळीपाळीने पाठवतात.”

ही शाळा मी सोडणार नाही. मराठी मला माझ्या आईने दिली, कुठल्या कमिटीने नाही. येत्या रविवारी दोन्ही मुलं वर्गात असतील आणि एथनची आई आणि मी कॅमेऱ्यासमोर असू. सगळ्या पालकांच्या देखत विचारू. ही मुलं वेगळी कोणी काढली? कशावरून काढली? म्यूट केलं तर लिहून विचारू. बाहेर काढलं तर लॉकडाऊन उठल्यावर शाळा जिथे भरेल तिथे जाऊन, तोंडावर विचारू. आवाज चढवणार नाही. माफीही मागणार नाही. उत्तर मिळाल्याशिवाय मात्र त्या वर्गात एकही श्लोक सुरू होऊ देणार नाही.