हरेल तिनं मोठं व्हायचं

मधली सुट्टी होती. मुलांकडून जप्त केलेला भोवरा स्टाफरूमच्या टेबलावर फिरतो का ते मी बघत होते, तेवढ्यात माझ्या लेकीचा, मधुराचा फोन आला. "आई, आमच्या आई गेल्या गं... छातीत दुखतंय म्हणाल्या, गाडीत घातलं, पण पनवेलपर्यंत पोचलोच नाही." आमच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई कमलताई. माझ्याच वयाच्या, पंचावन्नच्या आतबाहेर. मी तशीच खोपोलीहून पळसदरीला त्यांच्या घरी निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, भोवरा पर्समध्ये आला होता, आणि तो ज्यांना दाखवावा अशी एकच व्यक्ती होती. तिथं मला रडू फुटलं.

विहीण म्हटलं की आपल्याकडे मान, रुसवा, पायघड्या हेच आठवतं. मी तर या नात्याची धास्तीच घेतली होती. पन्नाशी गाठली तरी मला मोठं झाल्यासारखं कधी वाटलं नाही. पालकसभेत कुणी "बाई" म्हणून हाक मारली की मागे वळून बघावंसं वाटतं, खऱ्या बाई आल्या की काय! घरात हे खपून जायचं, पण लेकीचं लग्न ठरायला लागलं तसं माझं धाबं दणाणलं. माझ्या पोरकटपणापायी पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं तर?

यादी करायला मंडळी आमच्याकडे आली, त्या दिवशी मी कडक कांजीची साडी नेसून तोंड मिटून बसले होते. समोर कमलताई, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. त्यांचे चुलतसासरे मानपानाबद्दल बोलत होते. "आमच्याकडं सगळं रीतीनं असतं," असं ते म्हणाले आणि नेमकी त्याच वेळी आमच्या आळीतल्या कुत्र्यानं उंबऱ्याबाहेरची त्यांची कोल्हापुरी चप्पल तोंडात धरून काढता पाय घेतला. दाराबाहेरचं दिसेल अशा जागी आम्ही दोघीच बसलो होतो. मी फिसकन हसले. नवऱ्यानं डोळे वटारले, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मला वाटलं, मोडलं लग्न. तोच कमलताईंना जोरात ठसका लागला. पाणी द्यायला म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, तर या बाई ओटा धरून, पदर तोंडात कोंबून हसतायत! म्हणाल्या, "तुमी आधी हसलात म्हनून बरं. नायतर मीच फुटले असते." चप्पल शेवटपर्यंत सापडली नाही, लग्न मात्र झालं.

मग आमचं येणंजाणं सुरू झालं. वैशाखात पळसदरीच्या मागच्या डोंगरावर आम्ही करवंदं काढायला जायचो. करवंद चावायच्या आधी सांगायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लहानपणी सगळेच हे खेळलेत, पण त्याला पैज लावली ती कमलताईंनी : हरेल तिनं दिवसभर मोठं व्हायचं. म्हणजे घरी पाहुणे आले तर त्यांच्याशी तब्येतीपाण्याचं तिनं बोलायचं, रात्री भाजी काय करायची ते तिनं ठरवायचं, आणि जिंकणारीनं पाय पसरून बसायचं. एकदा जाळीत ओरखडे खात बसलेलो असताना त्यांनी विचारलं, "विहीणबाई, खरं सांगा, तुमाला मोठं झाल्यागत वाटतं का?" मी नाही म्हटलं. "मलाबी नाय. आई झाले, म्हटलं आता वाटंल. सासू झाले, म्हटलं आता तरी वाटंल... आजून वाटच बगते."

साजगावच्या जत्रेत सुकी मासळी घ्यायला म्हणून गेलो आणि आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझा हात असा आवळला की माझी बांगडी वाढवली. उतरलो तर खाली त्यांच्या नणंद उभ्या, हातात बोंबलांची पिशवी. "वैनी, शोभतं का गं या वयात?" कमलताई झोकांड्या खात म्हणाल्या, "शोभत नाय, पन लय बरं वाटतं. जा, तूपन बस."

त्या गेल्या आणि ते घर एका दिवसात गंभीर झालं. दहाव्याला त्याच नणंद मला म्हणाल्या, "आता तुमीच मोठ्या. पोरीला वळन लावा." न खेळताच हरले होते मी. मधुरा कमरेला किल्ल्या खोचून सगळ्यांचं बघत होती, एक टिपूस काढला नव्हता पोरीनं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, इथं आता जरा जपून वाग. सगळे माझ्याकडे बघतात." माझी जुनी भीती खरी ठरली असं वाटलं. मी जाणंच कमी केलं.

मागच्या रविवारी व्याह्यांनी, दत्ताभाऊंनी बोलावून घेतलं. मोजकं बोलणारा माणूस. आमचे उद्योग त्यांनी नाइलाजानं चालवून घेतले, असंच मी धरून चालले होते. त्यांनी मला परसात नेलं. आंब्याखाली एक नवी कोरी फळी आणि दोराचं वेटोळं पडलं होतं. "काल सुतारानं आनून टाकली. ती सांगून बसलेली, झोपाळा बांधायचा, पन फळी दोगींच्या मापाची पायजे... परत धाडू का?" मी खाली बसून फळीवरून हात फिरवला. मग तेच म्हणाले, "तुमाला वाटत असंल, ती पयल्यापास्नं अशी. नाय वो. थोरली सून म्हनून आली, दीरनंदांची लग्नं लावली, म्हाताऱ्यांची दुखनी काढली. तिला घरात सगळी भ्यायची. त्या यादीवरनं आली नि मला म्हनली, अवो, माझ्यासारखी आजून एक हाय! तितनं पुढं ती जगली बगा. तुमच्यामुळं."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, की मोकळी त्यांनी मला केली. जे जन्मभर लपवत आले, ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. देवानं मला ही विहीण दिली, याहून मोठं काही त्याच्याकडे मागावंसं वाटत नाही.

"परत नका धाडू," मी म्हटलं. त्यांनी दोर फांदीवर टाकले, गाठी ओढून बघितल्या. मी मधुराला हाक मारली. ती हात पुसत आली, फळीकडे बघून थबकली. "आई, अजून महिनासुद्धा नीट झाला नाही. लोक काय म्हणतील?"

"बस, पोरी," दत्ताभाऊ म्हणाले. "तिनं करून घेतलीय."

ती माझ्याशेजारी अंग चोरून बसली. दत्ताभाऊ मागे गेले, "धरा घट्ट," म्हणाले आणि त्यांनी फळी ढकलली. पहिल्या झोक्याला मधुरा किंचाळली. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून रडायला लागली, इतकी, की मला वाटलं थांबवावं आता. मी पाय टेकायला गेले, तर तिनं माझा हात धरला, नाक पुसलं आणि मागे न बघताच म्हणाली, "बाबा, अजून जोरात."