काठोकाठ टाकीचा आकडा

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत तिला सगळे तारताई म्हणत. टेकडीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी खालच्या पंपघराला कळवणारी लाइन तिच्या ताब्यात होती. हातात पेचकस आला की तिला चहासुद्धा आठवायचा नाही. पंप चालवणारे काका म्हणायचे, हिचं लग्न केबलशीच लागलंय, आहेरात चिकटपट्टी देऊ. ती हसून त्यांच्याच डब्यात हात घालायची.

जुनी लाइन सिंक्रोनस होती. तिच्यात बिट, म्हणजे शून्य आणि एक, एका ठेक्यावर अखंड वाहतात आणि सलग सहा एक आले की निरोप संपला असं समजतात. मजकुरात तशी खूण चुकून तयार होऊ नये म्हणून पाच एक झाले की चिप आपणहून एक शून्य घुसवते. पलीकडची चिप ते काढून टाकते. माणसाला पत्ताही लागत नाही. ती लाइन थकली, तेव्हा ताईने असिंक्रोनस मोडेम बसवले. इथे एकेक बाइट, म्हणजे आठ बिटांचा गट, सुटा येतो आणि निरोप संपल्याची खूण म्हणजे १२६ हा आकडा. मजकुरातच १२६ आला तर त्याचं रूप बदलून पाठवायचं काम आता प्रोग्रामचं, म्हणजे ताईचं. इतकी वर्षं चिप ते करत आली होती, म्हणून ते तिच्या ध्यानातून निसटलं. चाचणीही घाईत, अर्ध्या टाकीवर उरकली.

टाकी काठोकाठ भरली की पातळी नेमकी १२६ यायची.

एका दुपारी ती भरली. प्रत्येक निरोप त्या आकड्यापाशी तुटला. पंपघरातल्या संगणकाने तुटके निरोप टाकून दिले आणि पडद्यावर आधीचाच आकडा ठेवला, काठाच्या बोटभर खाली. पंप बंद करायचा तो हाच आकडा पाहून, म्हणून तो चालूच राहिला. पाणी टेकडीखालच्या कर्मचारी वसाहतीत शिरलं. गाद्या, धान्य, पोरांची पुस्तकं, सगळं भिजलं, काकांच्या घरातलंही. खापर काकांवर फुटलं. भरदुपारी डुलकी लागली असं ठरवून त्यांना झडपा फिरवायला पाठवलं.

पुढे ताईला चूक सापडली. प्रोग्राममध्ये दोन ओळी घालून तिने ती गुपचूप दुरुस्त केली आणि तोंड मिटून बसली. पण वसाहतीतले लोक काकांना, झोप झाली का, असं विचारायचे, तेव्हा ती वाट बदलायची. हे तिने मला काम शिकवता शिकवता स्वतःच सांगितलं.

शेवटी ती झडपेपाशी गेली आणि सगळं बोलून मोकळी झाली. काका चाक धरून ऐकत होते.

"म्हणजे मी जागा होतो?"

"होतात, काका. पडद्यावरचा आकडाच चुकीचा होता. माझ्यामुळे."

"एवढे जण म्हणतायत म्हणजे लागला असेल डोळा, असं वाटलं मला. बायकोपाशी कबूलसुद्धा केलं मी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. आत्ताच साहेबांना सांगते, असं ती म्हणाली.

"साहेब नंतर. आधी घरी चल."

दार काकूंनी उघडलं. आतल्या भिंतीला अजून ओल होती. ताई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काकू, त्या दुपारी काका जागे होते. चूक माझी होती."

काकूंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. आत ये, असं त्या म्हणाल्या नाहीत.