भाऊंचं काम, माझे हात

त्या दिवशी स्क्रू भाऊंच्या हातून तीनदा पडला.

आधी तो मदरबोर्डवर पडला, मग टेबलावर, मग जमिनीवर. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हात मांडीखाली दाबून बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, जरा शटर अर्धं खाली घेता का?"

मी उठले आणि शटर ओढलं.

वर्ध्यात ज्यांचा संगणक कधी ना कधी बंद पडला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी भाऊंना पाहिलेलं असेल. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आधी ते रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग संगणक. कोणी कितीही घाबरून आलं, तरी त्यांचं एकच वाक्य असायचं, "पयले खोलून तं पाहू." होईल की नाही, किती लागतील, उद्या मिळेल का, या सगळ्यांना तेवढंच उत्तर. उघडण्याआधी ते कॅबिनेटच्या पत्र्याला तळवा लावून क्षणभर थांबायचे. अंगातली वीज पत्र्यात उतरावी म्हणून असं करतात. पण नवीन गिऱ्हाइकांना वाटायचं, भाऊ मशीनला नमस्कार करतात. काही जण आपणही हात लावून घ्यायचे. भाऊंनी कोणाला अडवलं नाही.

त्यांना राग यायचा तो फक्त पन्नीचा, म्हणजे वस्तूवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा. आपल्याकडे नव्या वस्तूवरची पन्नी कोणी काढत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. रिमोट पन्नीत असतो, फ्रीजचं हँडल पन्नीत असतं, स्कूटरची सीट फाटेपर्यंत पन्नीत असते. केळझरकडचे एक वांगी-टमाटेवाले शेतकरी मॉनिटर घेऊन आले होते. हवा जायच्या जाळीवरच पन्नी होती, म्हणून भाऊंनी ती काढून टाकली. शेतकरी न्यायला आले आणि दारातच थांबले.

"भाऊ, आमची पन्नी कुठं गेली?"

"फेकली."

"अजून वर्षभर तं नवीनच राह्यला असता! तुमी एका दिवसात जुना करून टाकला."

भाऊ कचऱ्याच्या डब्यात वाकले, चुरगळलेली पन्नी काढली, टेबलावर हाताने सरळ केली आणि घडी घालून शेतकऱ्यांच्या खिशात ठेवली. शेतकऱ्यांचं समाधान झालं. पुढच्या वेळी त्यांनी भाऊंसाठी पिशवीभर वांगी आणली.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वह्या टाइप करायला घेतल्या. वडील शाळामास्तर होते आणि गावोगावच्या बदल्यांमध्ये त्यांनी शेतीतले, स्वयंपाकातले, भांडणातले शब्द लिहून ठेवले होते. वह्यांचं पानन् पान स्कॅन करून मी संगणकात ठेवलं होतं. ती डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून मी भाऊंकडे गेले. त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "या बोर्डात नव्या डिस्कची जागा हाय, मॅडम. कोणी वापरलीच नाई." दोन दिवसांनी त्यांनी एसएसडी मागवली, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क. बोटभर लांबीची एक पट्टी, आणि तिच्यावर बसवायला, तिची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक. "दुसरीकडं बिना हीटसिंकची चालून जाते. आपल्या इथं मे महिन्यात मानूस टिकत नाई, हे काय टिकते?"

ती बसवतानाच स्क्रू पडला होता.

शटर खाली आल्यावर भाऊंनी सांगितलं, हात सात-आठ महिन्यांपासून हलतोय. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना माहीत होतं. बाकी कोणाला नाही. "कंपवात हाय. गोळ्या चालू हाय. पण लोकाईले समजलं तं कोन मशीन देईन मले? मेन रोडवर तीन दुकानं होऊन राह्यली." मग ते थोडं हसले. "तुमची बोटं कशी हाय?"

माझ्या बोटांनी आयुष्यभर ग्रंथालयाची कार्डं चाळली होती. मी तसं सांगितलं.

"मंग झालं. पत्र्याले हात लावा."

मी हात लावला. त्यांनी शेजारी बसून एकेक पायरी सांगितली. पट्टीची खाच खोबणीच्या खाचेसमोर धरा. तिरपी घाला, दाबू नका, ती आपोआप जाते. आता दुसरं टोक खाली आणा. ज्वारीच्या दाण्याएवढा तो स्क्रू मी पहिल्याच खेपेला बसवला. भाऊंनी "हं" म्हटलं, पण ते मशीनकडे नाही, मांडीवरच्या स्वतःच्या हाताकडे पाहत होते. मग हीटसिंक. त्याच्या आणि पट्टीच्या मधे एक मऊ, चिकट गादी असते. पट्टीची उष्णता ती वरच्या धातूला पोचवते. गादीच्या एका बाजूला निळी पन्नी होती, ती मी काढली. दुसऱ्या बाजूलाही एक होती, पारदर्शक. ती मला दिसली नाही असं मी म्हणणार नाही. दिसली. वाटलं, राहू दे, स्वच्छ राहील. माझ्या घरच्या फ्रीजवर अजून पन्नी आहे.

क्लिपा बसल्या. वडिलांच्या वह्या नव्या पट्टीवर उतरायला दुपार गेली. भाऊंनी शटर वर केलं.

त्यानंतर मी रोज सकाळी दुकानात जायला लागले. बारीक काम आलं की शटर थोडं खाली यायचं. कोणी विचारलं तर भाऊ सांगायचे, "मॅडम शिकून राह्यल्या. रिटायर झाल्यावर मानसाले काईतरी पाहिजे ना." लोक मला हसायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मे उजाडला आणि माझा संगणक दुपारी रांगायला लागला. एकेक पान उघडायला वेळ लागे, मधेच सगळं थबके. संध्याकाळी पुन्हा नीट. भाऊंना सांगावंसं वाटलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेलं काम बिघडलं, हे त्यांना तेव्हा कसं सांगायचं? मी टेबलफॅन आणून कॅबिनेटकडे वळवला आणि आठ दिवस तसेच काढले.

नवव्या दिवशी भाऊ स्वतःच घरी आले. वहिनींनी आंब्याचं लोणचं पाठवलं होतं. दारात उभ्याउभ्याच त्यांनी खोलीत पाहिलं. मी घामाने निथळत होते आणि पंखा मशीनकडे होता.

"पंखा तिकडं काऊन?"

मी काहीतरी बोलले. भाऊ आत आले, खुर्ची ओढून बसले. "खोलून तं पाहू."

मी उघडलं. हीटसिंक उचलला. पारदर्शक पन्नी तिथेच होती, एका कोपऱ्यातून आक्रसलेली. भाऊंनी वाकून ती पाहिली.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"आठ दिवस काऊन नाई सांगितलं?"

मी पंखा बंद केला.

"दया आली ना माही?" आवाज चढला नव्हता. "मॅडम, चूक तुमची नाई. मी बाजूले बसून पाह्यलं नाई, चूक माही हाय. पन तुमी तक्रारच केली नाई. गिऱ्हाईक तक्रार करते म्हणून तं मी मेकॅनिक हाय. ते बी बंद केलं तुमी, तं मंग मी कोन राह्यलो?"

मी पन्नी सोलली, हीटसिंक परत बसवला. क्लिपा लागेपर्यंत त्यांनी या वेळी नजर हलवली नाही. मग म्हणाले, "तुमाले पन्नीचा एवढा जीव, तं त्या वांगीवाल्याच्याच गावच्या असान." मला हसू आलं. त्यांनाही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन आलं. मी सवयीने शटरकडे गेले. भाऊंनी अडवलं. "राहू द्या वरतं." मग त्या माणसासमोर हात टेबलावर ठेवला. हात हलत होता. "पाहा, माहा हात असा हाय. काम मॅडम करते, पाहतो मी. चाललं तं ठेवा, नाई तं मेन रोडवर दुकानं हाय."

त्या माणसाने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप उचलून निघून गेला. भाऊंनी चहा मागवला. दुपारी दुसरं कोणी आलं. तेच सांगितलं. त्याने विचारलं, "बोलता तं येते ना तुमाले?"

"येते ना. ऐकाले बसा, रडसान."

त्याने मशीन ठेवलं.

गिऱ्हाइकं निम्मी झाली. पण दोन वर्षं शटर पूर्ण वर राहिलं. मी चुकले की भाऊ सगळ्यांसमोर रागवायचे, आणि मला ते आवडायला लागलं होतं. शेवटच्या हिवाळ्यात ते घरूनच फोनवर सांगायचे. मी मशीन उघडून समोर काय दिसतं ते बोलायचे आणि ते पलीकडे डोळे मिटून ऐकायचे, असं वहिनी सांगत. एके दिवशी वहिनींनीच फोन उचलला आणि भाऊ गेल्याचं सांगितलं.

दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. वडिलांच्या वह्या सगळ्या टाइप करून झाल्या. कोणी मशीन घरी आणून दिलं तर मी पाहते. सध्या टेबलावर शेजारच्या शिक्षिकेचा लॅपटॉप उघडा पडलेला आहे. त्यात काय बिघडलं ते मला अजून कळलेलं नाही.