एर्सिलिया पवित्र जिना चढते

रोमच्या तेस्ताच्चो बाजारात एर्सिलियाने जन्मभर आर्टिचोकची भाजी सोलली. कडक पानं चाकूने गोल फिरवत काढायची आणि आतला कोवळा गड्डा लिंबाच्या पाण्यात टाकायचा. त्यापायी तिची बोटं कायमची काळी पडली होती. कलोसियम बघायला जगभरातून माणसं लोटतात. एर्सिलियाने ते आयुष्यभर फक्त ट्रामच्या खिडकीतून पाहिलं. "पडकंच तर आहे ते. आत जाऊन काय, डागडुजी करू?" असं म्हणायची. अस्सल रोमकर असेच असतात, आपल्याच गावाला नाकं मुरडणारे.

पण आता एका जागेचा तिने ध्यास घेतला होता. सान जोव्हान्नीच्या मोठ्या चर्चसमोरचा पवित्र जिना. येशूला न्यायासाठी नेलं तेव्हा तो याच पायऱ्या चढला आणि पुढे त्या समुद्रापलीकडून इथे आणल्या, अशी श्रद्धा. म्हणून त्यावर पाऊल टाकायचं नाही, गुडघ्यांवरच चढायचं. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला वेगळे जिने आहेत. आणि एकदा चढायला लागलं की मागे फिरता येत नाही. मागून माणसं येतच असतात.

गेल्या हिवाळ्यात तिची मुलगी लोरेदाना ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि डॉक्टरांनीही आशा सोडली होती. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून एर्सिलिया या जिन्याला नवस बोलली, एवढं सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. लोरेदाना खडखडीत बरी झाली आणि आईवरच उखडली.

"मला डॉक्टरांनी वाचवलं, लाकडाच्या पायऱ्यांनी नाही! तुझा गुडघा बघ आधी. नीट वाकत तरी नाही."

"तोंड माझं, नवस माझा, गुडघाही माझा," एर्सिलिया म्हणाली. बोललेला नवस फेडायचा म्हणजे फेडायचा. मुलीला न सांगता एके सकाळी तिने गाळ्यावर कापड ओढलं.

शेजारी वजडी विकणाऱ्या ओतेल्लोने हटकलं, "कुठे निघालीस म्हातारे, नटूनथटून? कुणी म्हातारा गटवलास की काय?"

"जिन्यावर चाललेय. लोरेदानाला बोललास तर तुझीच वजडी काढीन."

ट्राम वळणाआड जायच्या आत ओतेल्लोने लोरेदानाला फोन लावला होता.

पहिल्या काही पायऱ्या एर्सिलिया नीट चढली. प्रत्येक पायरीवर एक प्रार्थना, मग पुढचा गुडघा. शेकडो वर्षं माणसांनी गुडघे घासलेल्या त्या संगमरवराला आता लाकडाचं आवरण आहे. पण मध्यावर आली आणि उजवा गुडघा अडकला तो अडकलाच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागे रांग तुंबली. एका परदेशी तरुणाने तिला उठवायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" ती खेकसली. त्याला भाषा कळली नाही, पण हात मात्र त्याने झटकन मागे घेतला. उभी राहिली की नवस मोडला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने दोन्ही कोपरं वरच्या पायरीवर टेकली आणि दातओठ खात अंग ओढलं. एक पायरी झाली. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला.

तेवढ्यात खालून आवाज आला, "आई! तिथेच थांब!"

लोरेदाना धावतच जिन्याकडे आली, तर रखवालदाराने वाट अडवली. "बाई, गुडघ्यांवर."

"अहो, माझी आई आहे ती!"

"असेल. तरी गुडघ्यांवरच."

मग काय करते? लहानपणीच्या पहिल्या पवित्र भोजनाच्या विधीनंतर चर्चचं तोंड न पाहिलेली लोरेदाना गुडघ्यांवर बसली आणि पुटपुटत, शिव्या हासडत, माणसांतून वाट काढत चढू लागली. आईजवळ पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"झालं समाधान? माझ्यासाठी मरायला निघालीस? मी बरी झालेच असते!"

"तुझ्यासाठी मागितलंच नव्हतं मी," एर्सिलिया वर बघतच म्हणाली. "तू जगशील असं मलासुद्धा वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू? म्हणून माझ्यापुरतं मागितलं. म्हटलं, देवा, मला हिच्या आधी ने. पोरीला पुरायची वेळ माझ्यावर आणू नकोस. एवढंच."

मागे कुणीतरी खोकलं. लोरेदानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलंही नाही. आईच्या काखेखाली तिने आपला खांदा घातला, अडकलेल्या गुडघ्याखाली हात धरला.

"आधी जायचं तर जा," ती म्हणाली. "पण घाई केलीस ना आई, तर बघच."

एर्सिलियाने मान डोलावली आणि दोघींनी मिळून तो गुडघा वरच्या पायरीवर ठेवला.