मेथीचा फेस

मस्कतच्या खोलीत भिजवलेली मेथी घोटायला घेतली आणि त्या कडवट वासानं चिकलठाण्यातली खोली आठवली. मी सातवीत शाळा सोडलेला कामगार, अन् सोबतीला येमेनहून औरंगाबादला शिकायला आलेला सालेम. त्यानं शिकवलेल्या अरबीवरच आज माझी नोकरी चालते.

त्याच्या वाढदिवसाला त्यानं त्यांच्याकडं करतात तसा, असाच मेथीचा फेस काढला, मटणाच्या रश्श्यावर घालून माझ्यापुढं ठेवला.

“हे तर बाळंतिणीचं खाणं!” म्हणत मी हसून ताट सरकवलं.

“व्हय भाई,” तो माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाला, “मी झालो तवा अम्मीनं हेच खाल्लं.” मग एकटाच जेवला.

पुढं तो येमेनला परतला अन् तिकडं युद्ध पेटलं. तो कुठं असेल, या विचारानं जीव खालीवर होतो. आज माझा वाढदिवस. फेस चांगला आलाय. सोबत जेवायला कुणी नाही.