हापसा क्रमांक सात

लाल रंगाचा डबा मी घरून नेला होता, हे आधीच सांगून टाकते. गणपतीच्या मखराला रंग देऊन उरलेला. राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वस्तू ठेवायला जागा नाही आणि टाकायला माझा हात धजत नाही, म्हणून तो बाल्कनीत पडून होता. पानिपतच्या बाजूच्या एका गावात पाण्याचे नमुने घ्यायला निघाले, तेव्हा हापशांवर क्रमांक टाकायला काहीतरी हवं होतं. ऑफिसकडून रंग मागवायचा तर फाइल फिरण्यातच उन्हाळा संपला असता. मी तो डबा पिशवीत टाकला.

मी सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. त्या गावाला लागून कपडे रंगवण्याच्या कारखान्यांचा नाला वाहतो, आणि त्यातलं काही जमिनीखालच्या पाण्यात उतरतं का, एवढंच मला पाहायचं होतं. सातव्या क्रमांकाचा हापसा एका बाईच्या अंगणात होता. नवरा गेलेला, चार म्हशी, दुधावर घर चाललेलं. तिने बाटल्या धरायला मदत केली, ताक पाजलं आणि निकाल आला की मलाही सांगा म्हणाली. मी हो म्हटलं. सातवा हापसा चांगला निघाला. शास्त्रज्ञाने निकालावर खूश होऊ नये म्हणतात. मी झाले होते. पण तिला कळवायचं मात्र कामाच्या गडबडीत राहून गेलं.

या तपासणीवरचा माझा शोधनिबंध छापून आल्यावर एका हिंदी चॅनेलचा पत्रकार भेटायला आला. साहेबांच्या परवानगीने मी तासभर बोलले. नाल्याकाठच्या दोन हापशांत काही रसायनं मर्यादेपेक्षा जास्त आहेत, बाकीच्यांत नाहीत. एकदाच तपासलंय. आजारांबद्दल आम्ही काही पाहिलेलंच नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. तो मान डोलावत राहिला. जाताना म्हणाला, “मैडम, पब्लिक इतना नहीं समझती.” तेव्हाच मी उठायला हवं होतं. उलट मी त्याला चहा पाजला.

दोन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो आणि टीव्हीवर ते लागलं. पडद्यावर अंगण, म्हशी, हापसा, आणि हापशावर माझ्या हातचा लालभडक सात. खाली मोठ्या अक्षरांत, ‘दूध में ज़हर?’ मागे असं संगीत, की भूतच निघणार. मग मी आले. “मर्यादेपेक्षा जास्त सापडलं,” एवढंच म्हणाले आणि गेले. कुठे सापडलं, ते कापलं होतं. वाक्य माझंच, आवाज माझाच, त्यामुळे खोटं तरी कसं म्हणायचं? आमच्याकडे याला ध चा मा करणं म्हणतात, पण इथे एक अक्षरही बदलायची गरज पडली नव्हती. नाल्याकाठी वास येतो आणि तिथे म्हशी नाहीत, म्हणून कॅमेरा अंगणात आला असणार.

“आई, हापशाला एवढा रेड कलर का दिलाय?” मुलीने विचारलं. हापसा हा शब्द तिला त्याच महिन्यात कळला होता. पाणी वाईट निघालं की हापशाला लाल रंग फासतात, चांगलं निघालं की हिरवा, हे मी स्वतः कितीदा वाचलेलं, लोकांना सांगितलेलं. पण घरून डबा उचलताना तो मला फक्त मखराचा रंग वाटला होता.

तिसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला. दूध नेणाऱ्यांनी कॅन परत पाठवले होते. शेजारणीसुद्धा दारावरून पुढे जात होत्या. ती रडली नाही, भांडलीही नाही. “मैडम, निशान तो आप लगा के गई थीं,” एवढंच बोलली.

मी पत्रकाराला फोन केला. तो म्हणाला, आम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय. साहेब म्हणाले, खुलासा करायचा तर वर विचारावं लागेल, तोपर्यंत कोणाशी बोलू नका. नवरा केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी करतो, सगळे नियम त्याला पाठ. “मराठी माणसाने पानिपतावर जरा जपून जावं,” म्हणाला. विनोद वाईट नव्हता, पण मला हसू आलं नाही. मी म्हटलं, तिच्या म्हशी रोज दूध देतात, तुमची फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत त्या थांबणार आहेत का? सुक्याबरोबर ओलं जळतं, हे ठाऊक आहे. पण काडी माझ्या हातातली होती, आणि ती नाकारून मला झोप लागली नसती.

सरोजिनी नगरमधून हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि शनिवारी बसने गेले. या वेळी ताक नव्हतं. मी हापशापाशी बसून डबा उघडला, तशी तिने माझं मनगट धरलं.

“हरा तो कोई भी कर दे,” ती म्हणाली. “पूरी बात लिख. जो मिला वो भी, जो नहीं मिला वो भी.” आणि रस्त्याकडची सबंध भिंत दाखवली.

मग मी लिहीत बसले. हिंदीत, हिरव्या रंगात, वीतभर अक्षरांत. या हापशाचं पाणी एकदा तपासलं, उन्हाळ्यात. काय काय शोधलं, त्यांची नावं. ते सगळं मर्यादेच्या आत निघालं. बाकी पुष्कळ गोष्टी शोधलेल्या नाहीत. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायला हवं. नाल्याकाठच्या दोन हापशांचं पाणी मात्र पिऊ नका. क्रमांक लाल रंगात टाकला ही माझी चूक. खाली हुद्द्यासकट सही. ज्या पण-परंतुंना टीव्हीवर जागा नव्हती त्यांनी अख्खी भिंत घेतली. तिने शेवटपर्यंत डबा धरला होता.

गर्दी जमली. एक म्हातारे गृहस्थ चष्मा सावरत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत गेले. मग वळून लोकांना म्हणाले, याचं प्या, नाल्यावरचं पिऊ नका, आणि पावसाळ्यानंतर बाईंना पुन्हा बोलवा. एवढंच तर होतं. पब्लिकला समजत नाही म्हणणाऱ्याला मी तिथे उभं करायला हवं होतं.

सोमवारी मेमो आला. कोणाच्या आदेशाने सार्वजनिक ठिकाणी मजकूर लिहिला? मी उत्तर दिलं की जे छापून आलंय तेच लिहिलं. लाल रंग लावताना मला कोणी आदेश दिला नव्हता, तो निस्तरतानाही मी मागितला नाही. सोबत पावसाळ्यानंतरच्या दौऱ्यासाठी गाडीचा अर्ज जोडला. मेमोवर पुढे चौकशी बसली, ती अजून बसलेलीच आहे. गाडी मंजूर झाली नाही.

ऑक्टोबरात मी बसनेच गेले, मांडीवर बर्फाचा डबा आणि त्यात रिकाम्या बाटल्या. अंगणात दुधाचे कॅन लागले होते, पूर्वीइतके नाहीत, पण होते. भिंतीवरची अक्षरं पावसात जरा फिकी झाली होती. त्यांच्याखाली हातभर जागा तिने ताज्या चुन्याने पांढरी करून ठेवली होती, माझ्या नव्या निकालासाठी. तो कसा येईल हे तिने विचारलं नाही. बाटली धरायला ती पुढे आली.