रुमालाआडचा गणपती

माझे वडील पेणमध्ये बोर्ड रंगवायचे. एका गणपतीच्या कारखान्यासाठी त्यांनी वडखळ नाक्यावरच्या भिंतीवर जाहिरात काढली होती. आमच्याकडे मूर्ती कारखान्यातून घरी नेताना तिचं तोंड रुमालाने झाकतात. वडिलांनी गणपती तसाच रुमालासकट काढला आणि खाली लिहिलं, 'तोंड घरी गेल्यावर बघा.' कारखानदार भडकला. "मी डोळ्यांची एवढी आखणी करतो, आणि तू झाकून टाकलीस?" पण एसटीची वाट बघणारी माणसं त्या भिंतीशी घुटमळायला लागली, तशी त्याने ती जाहिरात राहू दिली.

आता त्याच कारखान्याच्या जाहिराती मी एआयकडून करून घेते. यंदा त्याने क्षणात ढीगभर गणपती काढून दिले. सगळे गुळगुळीत, सगळे हसरे. रोह्यातल्या एखाद्या मिठाईच्या डब्यावरही खपले असते. मी वैतागले. शेवटी म्हटलं, तोंडावर रुमाल टाक. त्याने टाकला, आणि खरं सांगते, झकास टाकला. पण सांगावं लागलं. वडिलांना कोणी सांगितलं होतं?

फोन आईला दाखवला. "तुझ्या बाबांचाच हाय गो हा," म्हणत ती बोटाने रुमालाचा कोपरा उचलायला गेली. चित्र सरकलं आणि विजेच्या बिलाचा फोटो आला.

नाक्यावरच्या भिंतीवर तोच कोपरा लोकांच्या बोटांनी झिजून पांढरा पडायचा. दर वर्षी गणपतीच्या आधी वडील तेवढाच पुन्हा रंगवायला जायचे.